ग्रास कटर पेटतो, पण टिकत नाही

दोरी वीस-पंचवीस वेळा ओढावी, तेव्हा कुठे इंजिन एकदाचं पेटतं. चोक उघडला की विझतं. पुन्हा दोरी, पुन्हा चोक. मग कसंबसं पाच-सात मिनिटं चालतं, गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, कडेचं गवत अर्धं कापून होतं, आणि आवाज पडत पडत बंद. सावलीत पंधरा मिनिटं ठेवलं की काही झालंच नाही अशा थाटात परत चालू. कधी रिकामं छान चालतं, पण रेस दिली की गुदमरतं. कधी उलट: रेसवर ठणठणीत आणि रेस सोडली की मेलं.

आमच्याकडे वाघोटन खाडीच्या बाजूला या सगळ्याला एकच वाक्य आहे: "चालू होता, पण रवणा नाय." गणपतीला चाकरमानी यायच्या आत पाणंद, खळं आणि विहिरीची वाट मोकळी करायची घाई, मग ऑक्टोबरात आंबा-काजूच्या बागेतली बेणणी. या दोन हंगामांत माझ्या पडवीत कुणाची ना कुणाची तीन-चार मशीनं पडलेली असतातच. मी मेकॅनिक नाही. माझी काजूची बाग आहे, दोन मशीनं आहेत, आणि हाच बिघाड इतक्या वेळा काढलाय की तालुक्याला जायच्या आधी लोक इथे डोकावून जातात.

बहुतेक जण येतात ते कार्बोरेटरचे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे, स्क्रू फिरवून झाल्यावर. मीही एकदा तेच केलं होतं. बाहेरचा एक स्क्रू थोडा आवळला, इंजिन एकदम तरतरीत वाजायला लागलं, मी खूश. अर्ध्या तासात ते कडकडून जाम झालं. पिस्टन आणि सिलिंडर, दोन्ही गेले. तो खर्च होऊन गेल्यावर मी आधी फुकटात काय तपासता येतं ते बघायला शिकलो. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

हे सगळं टू-स्ट्रोक ग्रास कटरबद्दल आहे, म्हणजे ज्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. फोर-स्ट्रोक आणि ढकलायच्या लॉन मोअरबद्दल पुढे थोडं आहे.

पाना हातात घ्यायच्या आधी

मशीन किती वेळाने बंद पडतं, ते घड्याळ लावून बघा. अर्धा बिघाड तिथेच कळतो.

चोकवर पेटून चोक उघडताच विझत असेल, किंवा चोक अर्धा ठेवला तरच चालत असेल, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. चोक म्हणजे हवेच्या तोंडावर ठेवलेला हात. हवा अडवल्यावरच चालतं, याचा अर्थ हवेच्या मानाने पेट्रोल पोचत नाही.

पाच-दहा मिनिटं व्यवस्थित चालून हळूहळू दम सुटत असेल, तर टाकीचा श्वास कोंडलाय, ही माझी पहिली शंका. तापल्यावर एकदम, कुणी स्विच दाबावा तसं बंद पडून थंड झाल्यावरच चालू होत असेल, तर ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल. रेस दिल्यावर गुदमरत असेल, तर फिल्टर, जाळी किंवा सायलेन्सर. आणि पहिल्यापासून पेटतच नसेल, तर ठिणगी पाडणारा प्लग काढा. तो ओला आहे की कोरडा, एवढ्यावर पुढची वाट ठरते.

आता एक-एक.

पेट्रोल: खर्च शून्य, आणि बहुतेक वेळा दोषी हेच

टाकीतलं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत ओता आणि तासभर हलवू नका. बाटली उजेडात धरली की तळाशी वेगळा थर दिसतो का बघा. दिसला, तर निदान झालं.

हे आपल्याकडेच जास्त का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. २०२५ पासून देशभर पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. दक्षिण कोकणात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, अर्धी टाकी भरून ठेवलेलं मशीन चार महिने अशा हवेत काय करत असेल? मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं, तिथे इथेनॉलची काय कथा. एका मर्यादेपलीकडे पाणी झालं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाशी बसतं. टाकीतला फिल्टर मुद्दाम जड केलेला असतो, म्हणजे मशीन कसंही धरलं तरी तो तळ गाठेल. म्हणजे इंजिन पहिला घोट घेतं तो याच थराचा.

त्याहून वाईट म्हणजे मिसळलेलं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, खालच्या थरात जात नाही. इंजिन समजा चाललंच त्या थरावर, तर पिस्टनला वंगण नाही. त्यामुळे "थोडं हलवून घे, चालेल" हा सल्ला ऐकू नका. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं असतं. आपल्याला पंपावर जे मिळतं तेच घ्यावं लागतं, तेव्हा निदान ते ताजं तरी असू द्या.

टाकी पूर्ण रिकामी करा, थोड्या ताज्या मिश्रणाने खळखळवून तेही ओतून टाका, आणि नवं मिश्रण भरा. ऑइलचं प्रमाण पुस्तिकेत असेल तेच. पुस्तिका हरवली असेल, तर टाकीवर किंवा झाकणावर आकडा असतो. १:५० म्हणजे १ लिटरला २० मिली, १:४० म्हणजे २५, १:२५ म्हणजे ४०. औषधाच्या बाटलीचं मोजमापाचं झाकण वापरा. "एक झाकण ऑइल" हे माप नव्हे, झाकण कुठल्या बाटलीचं हे सांगणाराही कुणी नसतो. ऑइल जास्त झालं की प्लग काळा, तेलकट होतो आणि सायलेन्सर चोंदतो. कमी झालं की पिस्टन जातो. चूक झालीच तर जास्तीकडे होऊ दे.

जुनं पेट्रोल गडग्याकडे ओतू नका आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत साठवूही नका. आमच्या इथे कुणीतरी तहानेने ती बाटली उचललीच होती.

इंजिन पेट्रोल प्यायलंय का

चोक लावून पंधरा वेळा दोरी ओढली, तर आत पेट्रोलचा पूर येतो आणि प्लग भिजतो. मग ठिणगी पडूनही पेटत नाही. पहिल्यांदा इंजिन "फट्" करून दाद देतं, तिथेच चोक उघडायचा असतो. ती फट् ऐकू न आल्यामुळे लोक ओढतच राहतात. एखादी मोटारसायकल बाजूला चालू असेल तर हमखास.

उपाय: स्विच बंद, प्लग बाहेर, मशीन असं आडवं करा की प्लगचं भोक जमिनीकडे येईल, आणि दोरी सहा-सात वेळा ओढा. पेट्रोलचा फवारा उडतो, तेव्हा तोंड भोकासमोर नको आणि जवळ विडी तर नकोच. पंधरा मिनिटं उघडं वाळू द्या, प्लग पुसून लावा, चोक पूर्ण उघडा आणि रेस दाबून ओढा. निम्मी मशीनं एवढ्यावर परत जातात.

एअर फिल्टर

फोमचा असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा, पिळू नका, दाबा, आणि पूर्ण सुकू द्या. ओला फिल्टर घातला तर बिघाड तोच राहतो, फक्त कारण बदलतं. सुके दिवस आले की सड्यावरची तांबडी माती इतकी बारीक असते की दोन दिवसांत फिल्टर चिऱ्याच्या रंगाचा होतो. फोम बोटात चुरगळत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, नवा घ्या. फिल्टर काढून मशीन चालवून बघायचा मोह होतो. ती माती मग थेट सिलिंडरला घासते.

टाकीचा श्वास, नळी आणि फुगा

मशीन दम सोडून बंद पडलं की लगेच खाली ठेवा आणि टाकीचं झाकण सावकाश सैल करा. आत हवा ओढल्याचा "सूं" असा आवाज आला आणि झाकण परत लावल्यावर इंजिन चालू झालं, तर हवा आत यायचं भोक बंद आहे. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. झाकण सैल ठेवून काम करत राहू नका, पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर सांडेल.

हे भोक कोण बंद करतं, तर माती, ऑइलचा चिकटा, आणि आपल्याकडची कुंभारीण. मांगरात टांगलेल्या मशीनला जिथे भोक दिसेल तिथे ही माशी मातीचं घर बांधते. एकदा मी एका मशीनचा प्लग, कॉइल, पेट्रोल सगळं तपासून थकलो आणि शेवटी सायलेन्सरच्या तोंडात मातीची गोळी सापडली. तेव्हापासून सायलेन्सरच्या तोंडाला टॉर्च लावायला मी पाच सेकंद आधीच काढतो.

आता टाकीतला फिल्टर. जाड तारेचा आकडा करून नळीसकट बाहेर ओढा. काळा, शेवाळल्यासारखा झाला असेल तर बदला, फार पैसे पडत नाहीत. नळी वाकवून बघा: कडक झालीय, भेगा आहेत, उंदराने कुरतडलीय? इथेनॉलने जुनं रबर कधी फुगतं, कधी कडक होतं. नळीला केसाएवढी भेग असली तरी पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते, आणि ती भेग बऱ्याचदा टाकीच्या भोकात, न दिसणाऱ्या जागी असते.

प्रायमरचा फुगा, म्हणजे बोटाने दाबून पेट्रोल वर ओढायचा रबरी फुगा, दाबून बघा. दाबल्यावर भरत नसेल, तर मागून पेट्रोल येत नाही. भरतो पण बुडबुडे थांबत नाहीत, तर नळीतून हवा शिरतेय. फुग्यालाच चीर असेल तर बोटाला ओलं लागतं.

प्लग

सोबत मिळालेल्या पान्याने काढा, पण इंजिन गार असताना. गरम असताना ओढाताण केली की ॲल्युमिनिअमचे आटे निघतात आणि १००-१५० रुपयांच्या कामाचं मोठं काम होतं.

कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल पोचत नाही, वरचा भाग परत तपासा. ओला म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी नाही किंवा पूर आलाय. काळा तेलकट म्हणजे ऑइल जास्त किंवा फिल्टर चोंदलेला. तपकिरी, चहाच्या रंगाचा असेल तर तब्येत चांगली. पांढराफटक असेल तर थांबा. इंजिन पेट्रोलला भुकेलं चाललंय आणि तापतंय.

प्लगच्या दोन टोकांमधली फट बहुतेक मशीनना ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागते, पुस्तिकेत वेगळी असेल तर पुस्तिका खरी. फीलर गेज (फट मोजायची पट्टी) नसेल तर हेक्सॉ ब्लेडची जाडी साधारण तेवढीच भरते. खरं सांगायचं तर प्लग घासत बसू नका. एक नवा प्लग कायम डब्यात ठेवा आणि लावून बघा. नव्या प्लगने फरक पडला तर विषय संपला, नाही पडला तर एक शंका कमी.

ठिणगी बघायची असेल तर आधी इंजिनातलं पेट्रोल वर सांगितल्याप्रमाणे बाहेर काढा, टाकीचं झाकण घट्ट, सांडलेलं पुसलेलं. मग स्विच चालूवर, प्लग टोपीत घालून त्याचे आटे सिलिंडरच्या धातूला टेकवा, भोकापासून लांब, आणि सावलीत दोरी ओढा. निळी, कडक ठिणगी हवी. प्लग हवेत लटकत ठेवून दोरी ओढू नका, कॉइलवर ताण येतो.

ठिणगी नाहीच? स्विचकडे जाणारी वायर कॉइलजवळ सोडवा आणि परत बघा. आता पडली तर स्विच किंवा वायर खराब. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत त्या वायरच्या टोकाच्या पत्र्याच्या पिनेला हिरवा गंज चढतो, आणि हँडलजवळ वायर घासून उघडी पडते. मशीन हलताना मधूनच बंद पडत असेल तर हीच जागा. वायर सोडवलेली असताना मशीन कामाला नेऊ नका. स्विचने ते बंद होणार नाही.

सायलेन्सर

गार झाल्यावर उघडा. आत बारीक जाळी असेल तर ती कार्बनने बुजलेली असते. तारेच्या ब्रशने घासा. धूर बाहेर पडला नाही तर नवी हवा आत येत नाही, म्हणून मशीन रिकामं चालतं पण रेस घेत नाही.

सायलेन्सर काढलाच आहे तर त्या भोकातून पिस्टन बघून घ्या. दोरी हळूहळू ओढत टॉर्च मारा. पिस्टन गुळगुळीत असेल तर बरं. उभे ओरखडे दिसले तर पुढची एकही पायरी करू नका, सरळ शेवटचा भाग वाचा.

कार्बोरेटर, आणि तिथे कुठपर्यंत हात घालायचा

इथपर्यंत सगळं ठीक असेल, तरच. आधी कार्बोरेटरचे दोन नट आवळलेले आहेत का बघा. थरथरीने ते सैल होतात आणि गॅस्केटमधून हवा शिरते. फुकटचं काम, आणि मी ते कितीदा तरी विसरलोय.

रेस सोडल्यावरच मरत असेल, तर आयडलचा (रेस नसतानाचा वेग ठरवणारा) स्क्रू, ज्याच्याजवळ बहुधा 'टी' किंवा 'एलए' असं कोरलेलं असतं, तो पाव फेरा आत घ्या. यावरची एकच अट: रेस सोडल्यावर पातं थांबलेलं असलं पाहिजे. पातं फिरत राहिलं तर स्क्रू मागे घ्या. हातातलं मशीन खाली ठेवताना पाय कुठे असतो ते आठवा.

'एच' आणि 'एल' असे दोन स्क्रू दिसले तर हात मागे. 'एच' आवळला की पेट्रोल कमी होतं, इंजिन हलकं, वेगात वाजतं, आणि वंगणही पेट्रोलबरोबरच येत असल्यामुळे तेही कमी होतं. माझा पिस्टन याच स्क्रूने खाल्ला.

या कार्बोरेटरच्या आत रबराचे दोन पातळ पडदे असतात. एक पंपासारखं पेट्रोल ओढतो, दुसरा ते मोजून सोडतो. जुन्या पेट्रोलने ते कडक होतात, पापडासारखे वाजतात. लक्षण चोकवरच चालण्याचं. आत एक नखाएवढी जाळी असते, तीही चिकट्याने बंद होते. चार स्क्रूचं झाकण उघडून पडदे बदलणं ज्याला बारीक काम जमतं त्याला जमतं, पण तीन गोष्टी पाळा: उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा, क्लीनरचा फवारा पडदे काढल्याशिवाय मारू नका, आणि भोकात तार घालू नका. तारेने भोक मोठं होतं आणि मग कुठलाच स्क्रू ते लहान करू शकत नाही. स्वस्तातल्या मशीनचा अख्खा कार्बोरेटरच नवा घेणं पडद्यांच्या किटपेक्षा सोपं पडतं.

फोर-स्ट्रोक आणि लॉन मोअर

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलची वेगळी जागा असते, पातळी बघा. चुकीच्या कुशीवर आडवं ठेवलं तर ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं आणि पांढरा धूर येऊन बंद पडतं. पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं नाही.

होमस्टेवाल्यांकडे आता ढकलायचे लॉन मोअर आलेत. त्यांचं पातं इंजिनाच्या दांड्यालाच जोडलेलं असतं. गवतात लपलेल्या चिऱ्यावर पातं आपटलं आणि त्यानंतर दोरी हाताला झटका देत असेल, तर फ्लायव्हीलची (चुंबक बसवलेल्या चाकाची) किल्ली, म्हणजे ते चाक दांड्यावर जागेवर धरणारी छोटी पाचर, कातरली गेलीय. ठिणगी चुकीच्या वेळी पडते. प्लग, पेट्रोल कितीही बदला, उपयोग नाही. दांडाही वाकलेला असू शकतो, म्हणून ते दुकानातच न्या.

इथे थांबा

खाली सांगितलेलं काही दिसलं तर स्वतः काही करू नका, मेकॅनिककडेच न्या.

प्लग घट्ट लावून, स्विच बंद ठेवून, दोरीची मूठ धरून मशीन सावकाश उचला. चांगलं इंजिन दोरीवर अडकत, टप्प्याटप्प्याने खाली येतं. सरळ सुळकन खाली आलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेलंय: रिंग, पिस्टन किंवा सिलिंडर. पिस्टनवर ओरखडे असतील तरीही हेच. रेस न देता इंजिन आपोआप सुसाट पळत असेल, तर ऑइल सीलमधून हवा शिरतेय. ते प्रेशर लावूनच तपासता येतं. असं पळायला लागलं तर आधी स्विच, नाही ऐकलं तर चोक लावून विझवा. तापल्यावर ठिणगी जाते आणि गार झाल्यावर येते, ही खूण पटली असेल तर कॉइल बदलून घ्या. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट बहुतेकांत ०.३ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते, आणि ती चुकली की चुंबक कॉइलला घासतं. टाकीला चीर असेल, पेट्रोल गळत असेल, तर चालवून दाखवायलासुद्धा चालू करू नका. आणि मशीन वॉरंटीत असेल तर वरच्या प्लग-फिल्टरच्या पलीकडे पाना लावूच नका.

मशीन नेताना तुमच्या मिश्रणाचा कॅनही बरोबर न्या, आणि तीन गोष्टी कागदावर लिहून द्या: किती मिनिटांनी बंद पडतं, चोकवर टिकतं का, बंद पडल्या पडल्या प्लग ओला होता की कोरडा. नुसतं "रवणा नाय" म्हणालात तर तोही कार्बोरेटरपासूनच सुरुवात करेल.